किल्ला तिथला, दरवाजा निघोज्याचा

आमच्या नितीनचं लग्न एका किल्ल्याच्या दरवाज्यापायी मोडता मोडता राहिलं.

नितीन म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाकणला कंपनीत कायम नोकरी, कासारवाडीत स्वतःचा फ्लॅट, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, तरी लग्न जमत नव्हतं. एका मुलीने तर ‘मुलगा चांगला आहे, पण फारच शांत आहे, बंद पडलाय की काय कळत नाही’ असा निरोप पाठवला होता! आईने सोमवार धरले, गुरुवार धरले, शनिवार धरले. जेवायला वार उरेनात, तेव्हा कुठे चाकणजवळच्या निघोज्याहून प्रणालीचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, हसरी, आणि मुख्य म्हणजे नितीनचा फोटो पाहूनही ‘भेटू या’ म्हणालेली. आमच्याकडे त्या दिवशी शिरा झाला.

प्रणालीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. घराणं निघोज्यातलं जुनं. आजूबाजूला कंपन्या आल्यावर तात्यांनी फॅब्रिकेशनची शेड टाकली. कंपन्यांना लागणारे लोखंडी जिने, ट्रॉल्या, रॅक असलं काम. त्यांचाच फोन आला.

“ते कांदेपोहे बिहे नको. समदी मिळून शिनेमा बघू. ऐतिहासिक हाय. तिकिटं माझ्याकडं. आन एक गंमत बी हाय, पण ती तितंच कळंल!”

‘ऐतिहासिक’ हा शब्द ऐकून आई मटकन खाली बसली.

त्याचं कारण मी. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आलेल्या मालात खोट काढायची, याचा मला पगार मिळतो. आता दिवसभर खोट काढणारं माणूस संध्याकाळी एकदम आंधळं कसं होणार? त्यात मी इतिहासाची चार पुस्तकं वाचली आहेत (चारच, पण बोलते लायब्ररी गिळल्यासारखी, इति आई). त्यामुळे ऐतिहासिक सिनेमा लागला, की पहिल्या पाच मिनिटांत मी म्हणणार, “असं झालंच नव्हतं!” माझ्याबरोबर सिनेमा बघायचा नाही, असा आमच्या सोसायटीत अलिखित नियम आहे.

“आज तोंड उघडायचं नाही,” आईने बजावलं. “राजा मोबाइलवर बोलला तरी गप्प बसायचं!”

“आणि मागे टॉवर दिसला तर?”

“सुनंदा!”

नितीन आतापर्यंत बुटांना पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, “ताई, मला ती खरंच आवडलीय गं.”

वर्षभरात एवढं मोठं वाक्य तो बोलला नव्हता. मी गळ्याची शपथ घेतली (स्वतःच्या. दुसऱ्याच्या गळ्याची जोखीम नको).

चिंचवडच्या थिएटरात एका टोकाला नितीन आणि प्रणाली, मध्ये दोन्हीकडच्या बायका, आणि या टोकाला मी. माझ्या शेजारी कोण बसावं? तात्या! कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर मुलाचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखी धाकधूक.

सिनेमा सुरू झाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किल्ला, सरदारांची पंगत, आणि केळीच्या पानावर टोमॅटोची कोशिंबीर! मी रुमाल चावला. पुढे राणीसाहेबांनी तलवार उपसली आणि हात उंच केला. त्या गोऱ्यापान दंडावर लशीचा ठसठशीत वण!

“अगं बाई, लसीकरण झालंय हिचं!” माझ्या तोंडून निसटलंच.

मागून कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं असतं तर मी थांबले असते. पण मागचा तरुण खदखदा हसला आणि पुढे वाकून म्हणाला, “ताई, तो डावीकडचा मावळा बघा. भुवया कोरल्यात राव!”

झालं! मला प्रोत्साहन मिळालं. मावळ्याच्या भुवयांवरून मी ढालीवर गेले, ढालीवरून घोड्याच्या नालांवर. आजूबाजूच्या दोन रांगा पडदा सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. पलीकडून आईच्या खोकल्याचा आवाज येत होता. (ती खोकत नव्हती. ते माझं नाव होतं.)

इतक्यात पडद्यावर किल्ल्याचा महादरवाजा आला. भला थोरला, टोकदार सुळ्यांचा. समोरून शत्रूचा हत्ती चालून येतोय. तात्यांनी मला कोपराने ढोसलं.

“आता बघा, ताई. नीट बघा!”

मला वाटलं, तात्या माझं तज्ज्ञ मत विचारतायत!

“बघतेय ना!” मी भर थिएटरात म्हणाले. “सुळे सोडा, ते बोल्ट बघा! षटकोनी! बारा एमएमचे! साडेतीनशे वर्षांपूर्वी काय भोसरीच्या कारखान्यातून मागवले? आणि वेल्डिंगचे थेंब तसेच! घासायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत! असला दरवाजा मी पास केलाच नसता. ज्याने केला त्याला परत पाठवला असता!”

मध्यंतर झालं. दिवे लागले. तात्यांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला होता.

“त्यो दरवाजा,” तात्या म्हणाले, “आमच्या शेडवर झालाय.”

म्हणजे ही गंमत होती! आईने डोळे मिटले आणि शनिवारच्या देवाचं नाव घेतलं. नितीन माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. त्याचं लग्न आपण एका बोल्टवर मोडलं!

“नाही, म्हणजे, दिसायला जरा...” मी चाचरले.

“दिसायला न्हाई, टिकायला केलाय त्यो!” तात्या कडाडले. “ते शिनेमावाले म्हनलं, प्लायवूडचा करा, हत्तीनं ढकलला की पडला पायजे. मी म्हनलं, दरवाजा हाय का पडदा? आमी दहा एमएमची प्लेट लावली!”

“मग तो पडला कसा?”

“पडलाच न्हाई! हत्तीनं डोकं लावलं, जरा वेळ उभा ऱ्हायला, आन माघारी गेला! माहूत म्हनला, जनावराला आपल्यापरास जास्त कळतं. मग त्यांनी हत्तीला ऊस दिला आन दुसऱ्या दिवशी पुन्हा आनला. हत्ती दरवाजा बघूनच मागं वळला!”

एवढं सांगून तात्या पाठ फिरवून बसले. सिनेमा पुन्हा सुरू झाला. हत्तीने धडक दिली आणि तात्यांचा दरवाजा पडद्यावर खाडकन उन्मळून पडला! कॉम्प्युटरवर पाडला होता, आणि तात्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

तात्या ताडकन उभे राहिले.

“खोटं हाय! असं झालंच न्हाई!”

थिएटरात लोक हुंदके देत होते, कारण दरवाज्यामागचे मावळे धारातीर्थी पडत होते. “काका, खाली बसा!” कोणीतरी ओरडलं.

“का बसू? बदनामी चाललीय!”

हा शब्द ऐकताच पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गडी बाह्या सरसावत उठला. “बंद करा हा सिनेमा!”

“कुणाची बदनामी झाली, भावा?” त्याच्या मित्राने विचारलं.

“माहीत नाही, पण काकांच्या भावना दुखावल्यात!”

भराभर दहाबारा जण उठले. घोषणा सुरू झाल्या. कोणाच्या नावाने द्यायच्या हे ठरेना, म्हणून नुसतंच ‘झालाच पाहिजे’ चाललं होतं. आणि त्या गदारोळात तात्या माझ्याकडे वळले. डोळ्यांत चक्क पाणी.

“ताई, तुमी त्यातल्या जानकार. तुमी सांगा, अशी निघत्याल का माझी बिजागरं?”

शपथ, आई, नितीन, सगळं विसरून मी खुर्चीवर चढले. “शक्यच नाही! हत्तीने आत ढकललं, आणि बिजागरी तुटली बाहेरच्या बाजूला! सपशेल खोटं! हा दरवाजा पडूच शकत नाही!”

पुढच्या मिनिटाला मी आणि तात्या बाहेर होतो. दोन रखवालदारांनी आम्हाला अदबीने पण घट्ट धरून आणलं होतं. पाठोपाठ आई आली, पदराने डोळे पुसत. आत मात्र नितीन आणि प्रणाली शेवटपर्यंत बसून राहिले, आणि बाहेर आले ते हसत.

“मला मुलगा पसंत आहे,” प्रणालीने जाहीर केलं. “एवढा गोंधळ झाला, पण याने एक शब्द काढला नाही. आमच्या घरात असा माणूसच नाही!”

तरी एक उंबरठा उरला होता. निघोज्यात तात्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, शब्द अखेरचा. सुपारी फोडायला आम्ही गेलो, तेव्हा आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“हीच का, आमच्या दरवाज्याला नावं ठिवनारी? उद्या पोरीला बी नावं ठिवंल.”

सुपारी तशीच ताटात.

“न्हाई न्हाई, आक्का!” तात्या घाईघाईने म्हणाले. “उलट ह्यांनी वाखाननी केली! पयल्यापासनं! उभ्या ऱ्हावून म्हनल्या, दरवाजा असावा तर असा!”

“व्हय का गं?” आक्कांनी थेट मला विचारलं. “खरंच असं झालं व्हतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“अगदी असंच झालं,” मी म्हणाले.

“आन त्यो हत्ती खरंच माघारी गेला?”

“एकच हत्ती?” मी सुपारीचं ताट आक्कांकडे सरकवलं. “अहो आक्का, तीन हत्ती होते! आणि शेवटचा तर जाताना दरवाज्याला सोंड उचलून नमस्कार करून गेला!”