कापलेला कोपरा

परदेशी नागरिकत्वाची शपथ घेतली, की भारतीय पासपोर्ट वकिलातीत रद्द करून घ्यावा लागतो. माझ्या यादीतलं ते शेवटचं काम होतं. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, कात्रीने पासपोर्टचा कोपरा कापला आणि तुकडा टोपलीत टाकला. जन्माने मिळालेली गोष्ट अर्ज भरून परत करता येते, हे मला तोवर खरं वाटलं नव्हतं.

बाहेर येऊन साताऱ्याला आईला फोन केला.

"झालं एकदाचं," मी म्हणाले.

"मग मी आजारी पडले, तर घरी यायला तुला परवानगी लागेल?"

"हो. व्हिसा काढावा लागेल."

"किती दिवस लागतात गं त्याला?"

"आठवडाभर तरी."



"बरं. तेवढा दम धरीन मी."