कांद्याची विहीर

आमच्या शेतातली जुनी विहीर आटली त्याला बरीच वर्षं झाली. बोअर घेतल्यावर तिच्याकडे कोणी ढुंकून बघेना. मग चाकणच्या आसपास सगळे करतात तेच आम्हीही केलं. साठवणीच्या चाळीत सडलेला कांदा तिच्यात लोटायला लागलो. सडका कांदा बाजारात कोणी घेत नाही आणि शेतात टाकला तर रोग पसरतो. विहीर मात्र मुकाट्यानं गिळायची. वास सुटला की सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "बुजू दे एकदाची."

मी निगडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कार्बनचं चक्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कांद्याची पात हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करते आणि ती खाली गड्ड्यात साठवते. कांदा आपण खाल्ला तर आपल्या श्वासातून आणि सडला तर जंतू-बुरशीच्या श्वासातून तो वायू पुन्हा हवेत जातो. फळ्यावर बाणांचा गोल काढला की झालं. पण तो गोल पुरा व्हायला वाराही लागतो, हे पुस्तकात नसतं. अरुंद, खोल विहिरीत वारा उतरत नाही आणि हा वायू तर हवेपेक्षा जड. तो तळाशी पाण्यासारखा साठून राहतो, फक्त दिसत नाही.

यंदा मे महिन्यात बोअरनं मान टाकली. रविवार होता. लेक मामाकडे गेली होती, बाकी सगळे शेतावर होतो. सासरे म्हणाले, "जुन्या हिरीला वल हाय का बगून येतो. आसली तर गाळ काढू." आमचे हे तिथेच पाइप गुंडाळत होते. हे कंपनीत सेफ्टीचं काम बघतात. टाकीत माणूस उतरवण्याआधी आतला वायू मोजायचा, त्याला दोर बांधायचा, वर एक जण उभा ठेवायचा, आणि आतला पडला तर त्याच्यामागे कोणी उतरायचं नाही, हे नव्या पोरांकडून रोज घोकून घेतात. पण घरच्या विहिरीला कसला आलाय नियम! त्यांनी मान डोलावली आणि पाइप गुंडाळत राहिले. मलाही फळ्यावरचा गोल तेव्हा आठवला नाही.

पूर्वी जुन्या विहिरीत उतरताना आधी पेटता कंदील सोडून बघायचे. तो विझला तर कोणी उतरायचं नाही. ही रीत सासरेच आम्हाला रंगवून सांगत. पण आता घरात कंदील आहे कुणाकडे? त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि भिंतीतल्या दगडी पायऱ्यांवरून उतरायला लागले. बॅटरी कशाला विझतेय? ती शेवटपर्यंत लख्ख जळत होती.

"वल हाय गं!" खालून त्यांचा आवाज आला, अगदी खुशीतला. मग जरा वेळानं, "घेरी आल्यागत हुतंय." ते खालच्या एका पायरीवर बसले आणि भिंतीला कलंडले. मोबाइल हातातून निसटून कांद्याच्या चिखलात पडला. त्याचा उजेड वर येत होता. त्या उजेडात मला काठावरून त्यांचं उघडं तोंड दिसलं. घशातून घुरघुर येत होती.

मी ओरडले. हे धावत आले, चपला भिरकावल्या आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि खाली बसकण मारली.

"सोड!"

"नाही सोडणार. कंपनीत काय सांगतोस तू? मागोमाग उतरलेला पण मरतो. सांगतोस ना?"

"ती टाकी असते गं! हा माझा बाप हाय!"

सासूबाईंसमोर मी नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हणाले, हे मला नंतर आठवलं. त्या वेळी त्या माझ्या पाठीत बुक्क्या घालत होत्या. "सोड त्येला, कैदाशिणी! मानूस मरतुय माजा!" मला त्यांचा राग आला नाही, भीती मात्र वाटली. खालचा माणूस गेला तर तो माझ्या मिठीमुळे गेला असंच सगळे जन्मभर म्हणणार होते, आणि मीही म्हणणार होते. तरी हात सुटले नाहीत.

आरडाओरडा ऐकून बांधापलीकडून चुलतदीर आला. मी बसल्या जागेवरून त्याला ओरडून सांगितलं, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आण, लांब पाइपासकट आण. तो पिकअप घेऊन गेला. मग ह्यांचं अंग सैल पडलं, तसे मी हात सोडले. त्यांनी कडुलिंबाचे डहाळे तोडले, कासऱ्याला बांधून विहिरीत सोडले आणि आतली हवा हलावी म्हणून रडत रडत खालीवर करत राहिले. घुरघुर ऐकू येते तोवर माणूस आहे, असं मी मनाशी म्हणत होते. ती मध्येच थांबायची, तेव्हा आम्ही तिघंही श्वास घ्यायचे थांबायचो.

कॉम्प्रेसर आला. पाइप खाली सोडून हवा सुरू केली. मग ह्यांच्या कमरेला दोर बांधला, सासऱ्यांना बांधायला दुसरा हातात दिला, पाइपाचं फुसफुसणारं तोंड त्यांच्या नाकापाशी दिलं, आणि तेव्हा कुठे मी त्यांना उतरू दिलं. दोन्ही दोर आम्ही सगळ्यांनी धरले होते. आधी सासरे वर आले, काळेनिळे, मग हे. दवाखान्यात सासऱ्यांना ऑक्सिजन लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला.

सासूबाई मात्र माझ्याशी बोलेनात. ताट वाढायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. एका सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "आत तुजी लेक आसती, तर आशीच धरून बसली आसतीस व्हय?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, पण तेवढा जीव उरला नव्हता. "नाही, आई," मी म्हणाले. "मी उडी टाकली असती. कंपनीचा नियम, शाळेतलं विज्ञान, काही आठवलं नसतं. तेव्हा तुम्ही मला धरायचं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हातातली जुडी बाजूला ठेवली.

"धरीन," त्या म्हणाल्या.