मांडावरच्या वहाणा

पेडण्यातल्या आमच्या गावच्या सभागृहाला परवा नवा रंग दिला. तो ओला वास नाकात शिरला आणि मला उद्घाटनाची संध्याकाळ आठवली.

तेव्हाही हाच वास होता, त्यात बायकांच्या केसांतल्या जायांच्या वळेसरांचा, म्हणजे जाईच्या गजऱ्यांचा, मिसळलेला. जागा देणारे भाटकार, म्हणजे काजूच्या बागायतीचे मालक, करकरत्या वहाणांनी सभागृहभर हिंडत होते. "आमच्या काजीच्या भाटातली जागा गावाला दिली," असं ज्याला त्याला सांगत होते. मधल्या वाटेवर मात्र ते थांबले, वहाणा हातात घेऊन चार पावलं अनवाणी चालले आणि पुढे जाऊन त्यांनी त्या पुन्हा घातल्या. शिगम्याचा मांड, म्हणजे होळीच्या दिवसांत गाव नाचायला-गायला जमतो ती पवित्र जागा, पूर्वी तिथेच होता, असं म्हातारी माणसं म्हणत. मांड साऱ्या गावाचा असतो, त्यावर कुणी वहाणा घालून चालत नाही.

बाबा आईच्या कानाशी पुटपुटले, "सोताच्या भाटात व्हाणो कित्याक काडता गो तो?"

"वगी राव, लोक आयकतले," आईने त्यांना गप्प केलं.

मला तेव्हा तो भाटकारांचा भाविकपणा वाटला होता.

परवा त्यांचा नातू नव्या पाटीवरचं आजोबांचं नाव दाखवून त्याच वाटेने बुटांसकट गेला. त्याच्यामागून जाताना आम्ही सगळ्यांनी चपला हातात घेतल्या.