जिचं नाव मी सांगितलं नाही

धुळ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा भरदुपार होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग वर ठेवली आणि खाली उतरून ते गाडीभोवतीच्या माणसांचे चेहरे न्याहाळत उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही अजून म्हणता, पोरगी मोठ्या पेपरच्या मोहाने गेली. कसला मोह अन् कसलं काय. मी जळगावच्या पेपरची धुळ्यातली वार्ताहर होते. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, तिकडे ऑफिसचा माणूस ते स्टँडवरून घ्यायचा. आमचा बठ्ठा, म्हणजे सगळा, कारभार या विश्वासावर चाले. शिंदखेड्याकडच्या एका गावात विषारी दारूने माणसं मेली आणि सरकारी कागदावर कारण लागलं हगवण. मला खरं सांगितलं एका बाईने. ती कोण, काय करते, हे मी आजही लिहिणार नाही.

बातमी छापून आली. त्यानंतर माझी पाकिटं पोहोचायची, पण फोडून पुन्हा चिकटवलेली. मग दारूवाल्यांची माणसं घरी आली. आवाज चढवला नाही त्यांनी. अक्काच्या, माझ्या आईच्या, हातचा चहा पिऊन ती माणसं आबांना म्हणाली, "भाऊ, पोरगी एकटी हिंडते, जपा. फक्त एवढं विचारा तिला, सांगितलं कोणी."

मी नाव दिलं नाही. तेव्हा ती माणसं मला सोडून, मी जिथे जिथे चहा प्यायले त्या दारी जाऊ लागली. मावशीकडे गेली. एका मास्तरांची बदली झाली, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता. आल्यागेल्याला चहाशिवाय न सोडणारे लोक मला बघून दार लोटू लागले. त्यांचा राग नाही आला. भीती एकच होती, असं दारोदार फिरत एक दिवस ती माणसं त्या बाईच्या दाराशी पोहोचतील. शेवटी अक्काच म्हणाली, "तू आठे राहशी तं तिनं नाव बठ्ठास्ले मालूम पडी. जाय बेटा." मी इथे राहिले तर तिचं नाव सगळ्यांना कळेल, म्हणून जा.

आता पुण्यात डेस्कवर बसते, कॉम्प्युटरवर पानं लावते. सेफ जॉब म्हणतात याला.

मध्यंतरी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले होते. वरण-बट्टीच्या पंगतीत, मला खरं सांगणारी ती बाई नेमकी माझ्यासमोर बसली. घरी चहाला आलेल्यांतलाच एक जण तूप वाढत होता. वाकून, हसून त्याने विचारलं, "ताई, या बाईंना ओळखत असाल ना?"

"नाही," मी म्हटलं. तिनेही मान हलवली आणि बट्टी कुस्करू लागली.

घर म्हटलं की मला ती पंगत आठवते. ती जिवंत आहे, समोर जेवते आहे, आणि मला तिला 'कशी आहेस' एवढंही विचारता येत नाही.