नुसतं कझिन नव्हे

विनूदादाला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभरात कुणी माझं डोकं उठवलेलं नाही.

विनूदादा म्हणजे माझ्या काकांचा मुलगा. आंजर्ल्याला घरामागे दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायचा. मी रत्नागिरीत इंग्रजीचे क्लास घेते. त्यामुळे त्याचं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात.

फोन कधीही. मी फळ्यासमोर उभी असले तरी.

"बाय, सोलकढीला इंग्रजीत काय म्हणतात?"

सोलकढीच म्हणतात, दादा.

"मग तुझा उपयोग काय गो?"

पाहुणी बाई असली तर मेसेजमध्ये डिअर मॅडम लिहू की नको, हा कायमचा प्रश्न. मी म्हणायचे, लिही, तशी पद्धत आहे. तो म्हणायचा, ती पद्धत तुझ्या वहिनीला कोण समजावणार? शेवटी त्याने सरसकट रिस्पेक्टेड मॅडम करून टाकलं. कॉलेजातल्या पोरींनासुद्धा.

गुरं आत येतात म्हणून गेटवर पाटी लावली, तीही मला न विचारता. "काऊज, प्लीज क्लोज द गेट." म्हणजे गेट गुरांनीच लावायचं! बदल म्हटलं तर म्हणे, पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढतात, राहू दे.

पण आमचं खरं भांडण एकाच शब्दावरून.

मी गेले की पाहुण्यांसमोर मला उभं करायचा आणि ऐटीत सांगायचा, "माय कझिन सिस्टर. इंग्लिश टीचर."

इंग्लिश टीचरच्या ओळखीतच चूक. माझा जीव खालीवर व्हायचा. मी तिथल्या तिथे सांगायचे, कझिन सिस्टर असं इंग्रजीत नसतं रे, नुसतं कझिन.

एकदा चिडलाच.

"नुसतं कझिन म्हटलं, तर त्यातली बहीण कुठे गेली?"

मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसायचा तो हाच. पण व्याकरण ते व्याकरण. मी हटले नाही, तोही हटला नाही.

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला रत्नागिरीत आणलं. वहिनी आत त्याच्याजवळ होती. मी धावत पोचले तर आयसीयूच्या दारात एक तरुण डॉक्टर. बाहेरच्या राज्यातला, मराठी येत नव्हतं. इंग्रजीत विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण?

"कझिन," मी म्हणाले. अगदी शुद्ध.

सॉरी म्हणाला. आत फक्त अगदी जवळच्यांना सोडतात.

मी तिथेच उभी. आत माझा भाऊ, आणि मला त्याच्यापर्यंत जाता येईना. असा राग आला, त्या डॉक्टरचा नाही, त्या शब्दाचा.

मग म्हणाले. चांगलं मोठ्याने.

"सिस्टर. आय अ‍ॅम हिज कझिन सिस्टर."

डॉक्टर बाजूला झाला.

दादाने आतून ऐकलं होतं. मला बघून मास्क जरासा सरकवला. आवाज जेमतेम निघत होता.

"चूक आहे ना गो ते?"

"नाही दादा. बरोबर आहे."

हसला लबाड. जिंकला होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आता क्लासमध्ये एखाद्या पोरीने कझिन सिस्टर लिहिलं, तर परीक्षेत मार्क जातील एवढं सांगते. चूक आहे असं म्हणवत नाही.

दादा, फार आठवण येते रे. मनापासून श्रद्धांजली.

तुझी कझिन सिस्टर.