बिल निघेपर्यंत

नवी पेठेतल्या माझ्या चादरींच्या दुकानात एकदा मंगळवेढ्याकडची एक बाई आली होती. घासाघीस करून मी सौदा माझ्याच भावात पक्का केला. पण अपडेट झाल्यापासून कॉम्प्युटरला प्रिंटरच सापडेना. मी टेबलावर हात आपटला. बाई मात्र पदर खोचून निवांत गादीवर बसली.

“बिल निघंस्तोवर सौदा पक्का न्हाय की,” म्हणत तिने वर एक टॉवेल मागितला. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा आणखी एक.

“मावशी, आता पुरे!” मी ओरडलो.

“मला कशाला वरडता? त्येला वरडा की!”

शेवटी बिल निघालं. टॉवेल पिशवीत कोंबून तिने प्रिंटरवरून हात फिरवला. “लई गुणाचं हाय.”

माझ्या कष्टाच्या पैशांचं यंत्र, आणि बाजू तिची घेतली! हल्ली अपडेटची सूचना आली, की मी आधी दाराकडे बघतो.