पोत्यातला भात

शाहजादी तांबोळी हे नाव वेळापत्रकावर वाचून नव्या मुली आधी हसतात, आणि पहिला तास संपेपर्यंत गप्प होतात. शाहजादी म्हणजे राजकन्या. बाईंच्या अंगात राजकन्येचं काही असेल तर तो फक्त हट्ट. पौडला एसटी स्टँडजवळ वडिलांचं पानाचं दुकान होतं, तिथल्या गिऱ्हाइकांशी भांडतच त्या वाढल्या. आता वय बावन्न. पिरंगुटच्या अलीकडे एका अध्यापक विद्यालयात बावीस वर्षं त्या एकच गोष्ट शिकवतायत: उद्याच्या शिक्षकांनी पाठाचं टाचण कसं काढायचं आणि कुठल्या धड्याला कुठली पद्धत धरायची.

टाचण म्हणजे वर्गात जाण्याआधी कागदावर मांडलेला पाठ. उद्दिष्ट काय, मुलांना आधीपासून काय ठाऊक आहे, सुरुवात कशी करणार, फळ्यावर काय लिहिणार, शेवटी काय विचारणार. ह्या टाचणावरूनच मुलींनी बाईंचं नाव टाचणीबाई ठेवलंय. बाईंना ते ठाऊक आहे. त्यांची त्याला काही हरकत नाही.

हल्ली टाचणं मोबाइलवर तयार मिळतात, हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी ज्ञानदा नावाच्या मुलीनं असंच एक उतरवून आणलं. पूर्वज्ञानाच्या रकान्यात लिहिलेलं, 'विद्यार्थ्यांनी समुद्रकिनारा पाहिलेला आहे.'

बाईंनी चष्मा वर केला. "कुणी सांगितलं तुला?"

"असेलच ना पाहिलेला, मॅडम."

"पौडच्या पोरांनी मुळशीचं धरण पाहिलंय. तू त्यांच्या पुढ्यात समुद्र कुठून आणलास? जा, एक दिवस वर्गात मागच्या बाकावर बस. हातात वही नको, फोन नको. पोरं काय बोलतात ते ऐक, मग लिही."

ही त्यांची रीतच. व्याख्यान, प्रश्नोत्तर, दिग्दर्शन, प्रकल्प, सगळ्या पद्धती त्या शिकवतात, पण परीक्षेपुरत्या. एरवी सांगायचं तर म्हणतात, पाय बघितल्याशिवाय कुणी चप्पल घेतं का? आधी मूल बघा. आणि टाचण हातात असून मुलाला कळेना, तर टाचण टेबलावर ठेवा नि मुलाकडे वळा. प्राचार्यांना हे शेवटचं वाक्य अजिबात आवडत नाही. त्यांच्या मते टाचण सोडायला शिकवणं म्हणजे मुलींना बिघडवणं. दोघांचं ह्यावरून बावीस नाही तरी आठ वर्षं तरी वाजतंय.

आता सायलीचं सांगते. सायली मुळशीची. घरी भाताची खाचरं, शिवाय शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. पहिल्या वर्षी वार्षिक पाठात ती नापास झाली होती, घाबरून तोंडातून शब्दच फुटला नव्हता. थोरला भाऊ कैलास वाईट माणूस नाही, पण त्यानं साफ सांगितलं होतं, "यंदा झाली पास तर बाई हो. न्हाईतर धरणाकडंच्या रिसॉर्टवर जागा हाय, ती घे. आनखी एक वरीस न्हाई." म्हणजे वार्षिक पाठाच्या एका कागदावर तिचं बाई होणं अडलेलं होतं. त्या कागदावर बाहेरून आलेले परीक्षक आणि बाई, दोघांनी मिळून एकच आकडा लिहायचा, दोघांच्या सह्या लागायच्या. पन्नासपैकी पंचवीसच्या खाली गेला की वर्ष बुडालं.

पाठ पिरंगुटच्या कारखान्यांमागच्या शाळेत होता. चौथीचा वर्ग, गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं. निम्मी मुलं गावातली, निम्मी कारखान्यात कामाला आलेल्या बिहार-ओडिशाच्या लोकांची. सायली मागच्या बाकावर एक सोडून दोन दिवस बसून आलेली. टाचण सुबक, बाईंची सही झालेली. मागं परीक्षक आणि प्राचार्य खुर्च्या टाकून बसले, बाई खिडकीपाशी उभ्या.

सायलीनं फळ्यावर लिहिलं, 'एका पोत्यात चाळीस किलो भात आहे, तर सहा पोत्यांत किती?'

गावातल्या पोरांचे हात वर. आणि दुसऱ्या रांगेतली रिंकी नावाची बिहारची पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली. तिच्याबरोबर आणखी सातआठ जण.

"काय झालं गं?"

"मॅडम, भात बोरे में कैसे? सब चिपकेगा ना."

घ्या. मुळशीत शेतातलं पीकही भात, पोत्यात भरलेलाही भात, ताटात वाढलेलाही भात. जन्म गेला तरी इथल्या माणसाला ह्यात काही खटकत नाही. सायलीला खटकलं नव्हतं, सही करताना पौडच्या बाईंनाही खटकलं नव्हतं. रिंकीच्या डोळ्यांपुढं मात्र शिजलेल्या गरम भाताचं पोतं उभं राहिलं होतं.

सायलीचा चेहरा पांढरा पडला. गेल्या वर्षीसारखीच ती फळ्याला चिकटून उभी राहिली. बाई खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. पाठ चालू असताना मध्ये पडता येत नव्हतं, नियम तसा. मग सायलीनं हातातलं टाचण टेबलावर पालथं ठेवलं.

"तुमच्याकडं शेतात उगवतो त्याला काय म्हणतात?"

"धान."

"आणि टरफल काढल्यावर?"

"चावल."

"शिजल्यावर?"

"भात!" रिंकी म्हणाली, आणि तिची तिलाच गंमत वाटली.

सायलीनं फळ्याचे तीन भाग केले. गावातल्या वैष्णवीनं मधल्या भागात तांदूळ लिहिलं, पहिल्यात भात, तिसऱ्यातही भात, आणि स्वतःच म्हणाली, "अय्यो, आमचा दोन्ही भातच हाय की." पुढची वीस मिनिटं गिरणी, तूस, कोंडा ह्यांवर गेली, मग पोती मोजली गेली. घंटा झाली तेव्हा टाचणातल्या पाच उदाहरणांपैकी दोनच झाली होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत परीक्षकांनी कागदावर अठरा लिहिले. माणूस पुण्याचा, सभ्य, आवाज न चढवणारा. "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. तीन उदाहरणं राहिली. प्रस्तावना विस्कटली. मॅडम, माझाही नाइलाज आहे."

"मी चव्वेचाळीस देते," बाई म्हणाल्या.

प्राचार्य कसनुसं हसले. "तांबोळी मॅडम, साहेब पाहुणे आहेत. सही करून टाका."

"न्हाई करत."

बाई चिडल्या की पौडच्या होतात, हे विद्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "सही झाली नाही तर कागद इथंच अडकेल. मुलीचंच नुकसान."

"अडकू द्या. अठराला सही केली तर तिचं वर्ष मी माझ्या हातानं बुडवलं, असं हुईल. टाचणातली चूक माझी हाय, त्याच्यावर सही माझी हाय. भात म्हंजी काय, हे त्या पोरांना विचारायचं मलाबी सुचलं न्हाई. नापास करायचं तर मला करा. पोरीनं ती चूक उभ्या वर्गात निस्तरली, तुमच्या दोघांच्या नाकासमोर. तिला कसलं नापास करता?"

"भावनेचा प्रश्न नाही," परीक्षक म्हणाले. "मुलांना गुणाकार आला का, हा प्रश्न आहे."

"मग त्यांनाच विचारा की. वर्ग शेजारीच हाय."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. नाही म्हणायला काही कारण सापडेना. व्हरांड्यात सायली भिंतीला टेकून उभी होती, तिच्यासमोरून तिघं वर्गात गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर रडूच आलं असतं, आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं.

परीक्षकांनी रिंकीला उभं केलं. "एका पोत्यात पन्नास किलो भात. आठ पोत्यांत किती?"

"चारसौ किलो." मग जरा थांबून, "सर, गिरणीतून आणलं तर कमी होणार ना?"

"किती कमी?"

रिंकीनं वैष्णवीकडे बोट दाखवलं. "तिला माहीत आहे."

वैष्णवी उठली. "आमच्यात पन्नासचं तेहतीस उतरतं. बाकी तूस नि कोंडा."

"असं?" परीक्षक फळ्याजवळ सरकले. "मग आठ पोत्यांचा तांदूळ किती होईल?"

वह्या उघडल्या. गावातली पोरं बिहारच्या पोरांच्या वहीत डोकावायला लागली, ती ह्यांच्या. कुणी तेहतीस आठ वेळा मांडून बेरीज करत होतं, कुणी तीस आठे आणि तीन आठे वेगळं काढत होतं. परीक्षकांनी खडू उचलला होता, हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. "दोनशे चौसष्ट," मागून एक आवाज आला. "बरोबर," परीक्षक म्हणाले. "कसं काढलंस? ये, इथं येऊन दाखव. आणि मग तूस नि कोंडा मिळून किती गेलं?" पुन्हा माना वह्यांत गेल्या. एका प्रश्नासाठी आलेल्या माणसाला दहा मिनिटं होऊन गेली. प्राचार्य दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

बाईंनी वाट पाहिली. एकशे छत्तीस हे उत्तर फळ्यावर येईपर्यंत वाट पाहिली. मग हात पुढं केला.

"साहेब, तुमचं टाचण दाखवा."

परीक्षक थांबले. हातातल्या खडूकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग खडू ठेवला, बोटं रुमालाला पुसली, आणि कागद चौथीच्याच बाकावर पसरून अठराचा आकडा खोडला. त्याच्याखाली चाळीस लिहिले, सही केली आणि पेन बाईंच्या पुढं धरला.

बाईंनी पेन घेतला नाही.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या.